सुरईपाशी डावीकडे

दोह्यात आम्ही राहिलो तेवढी वर्षं आमच्या घराला पत्ता असा नव्हताच. पत्रं यायची ती ह्यांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर. गल्लीला नाव असेलही, इमारतीच्या दारावर निळी पाटी होती नंबराची, पण त्या पाटीवरून घर शोधत कुणी आल्याचं मी तरी पाहिलं नाही. कुणाला जेवायला बोलावलं की फोनवर अर्धा वेळ बेत काय ते सांगायचं आणि अर्धा वेळ रस्ता. पेट्रोल पंप सोडा, खजुराच्या बागेची भिंत लागेल, ती संपली की उजवीकडे, मग सुरई.

ही सुरई म्हणजे एका राउंडअबाऊटच्या मधोमध उभी केलेली सिमेंटची भली मोठी सुरई. निमुळती मान, एका अंगाला कललेली. म्युन्सिपाल्टीच्या मनात आलं तर तिच्या तोंडातून पाणी पडायचं, नाहीतर पडायचं नाही. समुद्राकाठच्या रस्त्यावरचा तो मोती धरलेला शिंपला, किंवा खाडीच्या टोकाचं पिरॅमिडसारखं हॉटेल, ह्यांचे फोटो लोक घरी पाठवायचे. सुरईचा फोटो कुणी काढला नाही. पण आमच्या सगळ्या मराठी घरांचे रस्ते तिच्यावरूनच जायचे. ओल्ड एअरपोर्टकडून या, नाहीतर मदिनत खलीफाच्या वस्तीकडून, सुरई चुकायची नाही. सुरई हे नाव कुणी पाडलं देव जाणे. ते आमच्यापुरतंच होतं. शेजारचे मल्याळी तिला आणखी काहीतरी म्हणायचे, आणि टॅक्सीवाल्यांच्या लेखी तिथे नुसता पंप होता.

मग शहरात मोठ्या खेळांची तयारी सुरू झाली आणि जो तो रस्ता खणून निघाला. एका उन्हाळ्यात आम्ही सुट्टीवरून परतलो तर सुरई गायब. तिच्या जागी सिग्नल, चार बाजूंना चार दिवे. मला वाईट वाटलं म्हटलं तर हसाल, पण वाटलं खरं. गंमत अशी की सुरई गेली, पण आमच्या तोंडातून काही गेली नाही. सुरईला वळ, सुरईच्या अलीकडे दही मिळतं, काल सुरईपाशी केवढा ट्रॅफिक होता. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आम्हांला ती दिसतच होती ना!

त्याच सुमारास माझी आई गेली. मी एकुलती एक. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, तिथल्या घरात बाबा एकटे राहिले. कोर्टातल्या कारकुनीतून ते कधीच निवृत्त झाले होते, पण त्यांचं खरं काम दुसरंच. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असायची. सकाळी उठून वाचनालय उघडायचं, वर्तमानपत्रं काठीला लावून टेबलावर मांडायची, संध्याकाळी पुन्हा जायचं ते दिवे मालवूनच यायचं. पगार नाही, काही नाही. आई म्हणायची, "मला सवत आहे हो, आणि तिला चार कपाटं आहेत."

आई गेल्यावर शेजारच्या वहिनींचे फोन येऊ लागले. बाबा दोन्ही वेळा पोहेच खातात. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला, तो त्यांना कळलाच नाही. मी इकडे वातानुकूलित घरात बसून हे ऐकायचं आणि रात्र रात्र कूस बदलायची. मला बाबा माझ्याजवळ हवे होते. दुसरं काही नको होतं मला त्या वर्षी. ह्यांना म्हटलं, व्हिसाचं बघा. बिचाऱ्यांनी लगेच बघितलंही. बाबा मात्र फोनवर म्हणाले, "येतो. दिवाळीपर्यंत राहून बघतो. जमलं नाही तर माझा मी परत जाईन, रडारड करायची नाही." येताना परतीचं तिकीट घेऊनच आले. ते त्यांच्या कापडी पिशवीत असायचं, आणि पिशवी कायम खांद्याला.

आले ते ऑगस्टच्या शेवटी. त्या दिवसांत दोह्यात बाहेर पाऊल टाकायचं म्हणजे भट्टीचं दार उघडायचं. बाबा सकाळी पाचला उठायचे, आंघोळ करून पांढरा शर्ट-लेंगा घालून तयार. आणि मग खिडकीशी उभे. समोर मशीद, खाली इस्त्रीवाल्याचं दुकान, आणि जिकडे पाहावं तिकडे एसीची खोकी. मी चहा दिला की म्हणायचे, "झकास." नातीशी खेळायचे. ती इंग्रजीत काय बोलायची ते ऐकून मान डोलवायचे. तक्रार म्हणून नाही. पण एक दिवस मी पोळ्या लाटत होते, तर ओट्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथे सकाळी उठून जायचं कुठे गं?"

मॉलमध्ये? मॉल उघडतो दहाला. मी म्हटलं, "बाबा, इथे लायब्ररी आहे की, सार्वजनिक." ते इतक्या पटकन वळले की पिशवी ओट्याला आपटली.

सुट्टीच्या दिवशी गाडीतून आम्ही सगळे गेलो. बाबांनी दारातच चपला काढल्या. आमच्या गावच्या वाचनालयात पायरीखाली चपलांची रांग असते, आत अनवाणीच जायचं. दारावरचा पहारेकरी गडबडला, हाताने "घाला, घाला" म्हणून खुणा करायला लागला. बाबा कसले ऐकतात! "पुस्तकांच्या खोलीत चप्पल?" असं मलाच विचारून त्यांनी चपला उचलून पिशवीत टाकल्या आणि त्या गुळगुळीत फरशीवरून अनवाणी आत गेले. मी लाजेने अर्धी. काउंटरवर एक वयस्कर सुदानी गृहस्थ बसले होते. त्यांनी बाबांच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि उठून उभं राहून सलाम केला.

आत सगळी अरबी पुस्तकं, एका बाजूला इंग्रजी. मराठीचं नावही नाही, ते असणार तरी कशाला? मला वाटलं, हिरमुसतील. तर बाबा एकेका कपाटापुढून चालले होते, आत गेलेलं पुस्तक बोटाने पुढे ओढून ओळीत आणत, बाहेर आलेलं आत ढकलत. एक अरबी पुस्तक काढून त्यांनी उलटंसुलटं केलं, शिवण पाहिली, पाठ दाबून पाहिली. "बाइंडिंग चांगलं आहे," म्हणाले, "आपल्याकडे असं कुणी करत नाही आता." मग इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन खुर्चीवर बसले. कोर्टात आयुष्य गेल्यामुळे इंग्रजी वाचायचे, सावकाश, ओठ हलवत. दोन तास हलले नाहीत. परत येताना गाडीत मला म्हणाले, "काठ्या नाहीत पेपरांना. बाकी ठीक आहे." माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, जमलं.

कुठलं जमायला! दोन-तीनदा आम्ही त्यांना नेलं, आणलं, आणि मग ते रुसले. "रोज कुणीतरी नेऊन सोडायचं, कुणीतरी आणायला यायचं. मी काय केजीतलं पोर आहे? चालत जाण्यासारखं आहे ना? मग रस्ता सांगा." मी म्हटलं, ऊन कमी होऊ दे. ते म्हणाले, दिवाळीपर्यंतच आहे मी, ऊन कमी होईस्तोवर माझं विमान सुटेल. असं बोलले की मला भीती वाटायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. शेवटी ह्यांनी मध्यस्थी केली. एका दुपारी ऑफिसला परत जाताना दारात उभं राहून रस्ता सांगितला. "काही अवघड नाही हो बाबा. मागच्या दाराने बाहेर पडायचं, नाकासमोर चालायचं, सुरईपाशी डावीकडे, की आलीच लायब्ररी." मी तिथेच उभी होते. मलाही त्यात काही खटकलं नाही.

ऊन उतरल्यावर बाबा निघाले. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. खिडकीतून मी त्यांना दिसेनासे होईपर्यंत पाहिलं. तासाभरात येतील म्हणून शिरा केला. शिरा गार झाला. समोरच्या मशिदीत संध्याकाळची बांग झाली, दिवे लागले, बाबांचा पत्ता नाही. लायब्ररीत फोन लावला. त्या सुदानी काकांनी ओळखलं. म्हणाले, आज आले नाहीत. मोबाईल द्यायला गेले होते तर "तो पिशवीत वाजतो" म्हणून ठेवून गेलेले. व्हिसाचा कागद घरी, पासपोर्ट घरी.

ह्यांना फोन केला. "अहो, बाबा अजून आले नाहीत. तुम्ही त्यांना कुठे वळायला सांगितलंत?"

"कुठे म्हणजे? सुरईपाशी."

"सुरई कुठे आहे?"

पलीकडची की-बोर्डची टकटक थांबली.

"अहो, सुरई कुठे आहे? सुरई पाडून वर्ष उलटलं! त्या माणसाने आयुष्यात सुरई पाहिलेली नाही, तो कुठे वळणार? कर्म माझं!" मी इतक्या जोरात ओरडले की आतून लेक पळत आली.

हे घरी आले, तिला शेजारी सोडलं, आणि आम्ही गाडी काढून मागच्या रस्त्याला लागलो. सिग्नलपर्यंत गेलो, सिग्नलच्या पुढे गेलो. मी काच खाली करून दिसेल त्याला विचारत होते. तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. बाबांनी कुणाला विचारलं असेल तर सुरईच विचारली असेल, आणि सुरई हे नाव आमच्या पन्नासेक घरांबाहेर कुणाला माहीतच नव्हतं. पठाणाला विचारा, बंगाल्याला विचारा, साक्षात म्युन्सिपाल्टीला विचारा. तो रस्ता नाकासमोर गेला की थेट समुद्राला लागतो. आम्ही समुद्राकाठी गेलो. बाकाबाकावर माणसं हवा खात बसलेली, पोरं सायकली चालवतायत, आणि मी वेड्यासारखी प्रत्येक पांढऱ्या टोपीच्या मागे धावतेय. तिथे प्रत्येकाच्याच डोक्याला पांढरी टोपी! मी देवाला म्हटलं, सापडू देत, मी स्वतः त्यांना विमानात बसवून देते, पुन्हा राहा म्हणणार नाही.

शेवटी हे म्हणाले, घरी जाऊन कागदपत्रं घेऊ आणि पोलिसांत जाऊ. येताना मोठ्या रस्त्याने आलो, म्हणजे आमच्या गल्लीच्या पुढच्या तोंडाने. कोपऱ्यावर एक टेलरिंगचं दुकान होतं. मी आजवर तिथे एकदा पडदे शिवायला टाकले असतील. दुकानाच्या पायरीशेजारी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत बाबा. हातात काळ्या चहाचा ग्लास, पायातल्या चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या. समोर स्टुलावर दाढीवाले टेलरचाचा, गळ्यात टेप. आणि दोघांचं जोरजोरात भांडण चाललेलं. विषय काय, तर कुणाच्या गावचा हापूस आधी पिकतो.

झालं होतं ते असं. बाबा नाकासमोर चालले, सुरईची वाट बघत. सुरई येईना म्हणून सिग्नल ओलांडून पुढे. मग समुद्रच आला. "समुद्र दिसल्यावर मी निवांत झालो," हे त्यांचं म्हणणं. कोकणातला माणूस, त्याला वाटलं आता काय चुकतंय. परत फिरले ते दुसऱ्या रस्त्याने, आणि जो भेटेल त्याला "वो सुरई किधर को है" विचारत. लोकांनी त्यांना दोन भांड्यांची दुकानं दाखवली. दिवे लागताना ते ह्या कोपऱ्यावर पोचले आणि चाचांना तेच विचारलं. त्यांचं हिंदी ऐकून चाचांनी मशीन थांबवली आणि म्हणाले, "अवो भाऊ, तुमी रत्नांग्रीकडचं काय?" चाचा बाणकोटच्या खाडीवरचे, पंचवीस वर्षं इथे पँटी शिवणारे.

घर कुठे ते मात्र बाबांना सांगता येईना. खाली इस्त्रीवाला, समोर मशीद, गच्चीवर निळी टाकी. चाचा म्हणाले, असली घरं इथे गल्लीगल्लीत आहेत, उगाच फिरून दमाल, बसा, शोधायला येतीलच. आमची इमारत तिथून दुसरी. पण बाबा आजवर मागच्याच दाराने ये-जा केलेले, गाडीही मागेच उभी असायची, पुढचा कोपरा त्यांनी पाहिलाच नव्हता. आम्ही अख्खं दोहा पालथं घातलं आणि ते घराच्या कोपऱ्यावर बसून आंब्यावरून भांडत होते.

मी गाडीतून उतरले ती तोंड सोडूनच. "काही वाटतं का तुम्हांला? मेले असते मी!" बाबांवर ओरडले, ह्यांच्यावर ओरडले, चाचांवरही ओरडणार होते, तर त्यांनी आतून आणखी एक खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली आणि म्हणाले, "बस गो बाय. च्या घे." मी बसले आणि ढसाढसा रडले. बाबांनी आपला ग्लास माझ्या हातात दिला.

आता बाबा जाणार, हे मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होऊन पुढच्या दाराशी उभे राहिले. म्हटलं, "कुठे?" म्हणाले, "कोपऱ्यावर. कालचा वाद अर्धा राहिलाय."

त्या दिवसापासून ती खुर्ची बाबांची झाली. सकाळी दुकान उघडायच्या वेळी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत जाऊन त्या सुदानी काकांच्या रांगा सरळ करून यायचे, तिथे अनवाणीच. एरवी खुर्ची. वाचायला काय, तर गावाहून कुणी आलं की लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळलेली मराठी वर्तमानपत्रं. मी ती सुरकुत्या काढून इस्त्री करून द्यायची. तेलाच्या डागावर आलेली बातमी बाबा आणि चाचा अंदाजाने पुरी करायचे. त्यातूनच बाबा एकदा मला म्हणाले, "एवढे सगळे लोक दरवर्षी सुट्टीवर जातात, येताना तीस तीस किलो काय आणतात?" मी म्हटलं, "पापड, कुळीथ, मेतकूट, आंबापोळी." "त्यातला एक किलो वाचनालयाला द्या म्हणावं."

आणि खरंच द्यायला लागले हो लोक! कुणी एक किलो पुस्तकं आणली, कुणी दोन. विमानतळावर सामान जास्त भरलं तर बायकांनी पापड काढून ठेवले, पुस्तकं नाही. आमच्या हॉलमध्ये एक कपाट झालं, मग दुसरं. शुक्रवारी दुपारी वाचनालय उघडं. नावनोंदणी नाही, वर्गणी नाही. बाबांचा नियम एकच. पुस्तक परत करताना त्यात काय होतं ते त्यांना सांगायचं, मराठीत. मोठमोठे इंजिनियर घाम पुसत गोष्ट सांगायचे. वाचलंच नसेल तर बाबा पुस्तक परत त्यांच्या हातात द्यायचे, "सावकाश होऊ द्या." आमची लेक, जिला काही विचारलं की उत्तर इंग्रजीत यायचं, ती एका शुक्रवारी त्यांच्यासमोर उभी राहून कोल्ह्याची एक अख्खी गोष्ट सांगून गेली. चार ठिकाणी अडखळली, आजोबांनी एकही शब्द पुरवला नाही. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. पोहे करपले, करपू दिले.

येणाऱ्यांना घर सापडावं म्हणून शुक्रवारी दुपारी बाबा आधी कोपऱ्यावर जाऊन बसायचे. अनोळखी गाडी हळू झाली की हात करायचे, "वाचनालय? हे इकडे, डावीकडे." सगळे आले की शेवटच्याबरोबर वर. हळूहळू फोनवर रस्ता सांगायची रीतच बदलली. खजुराच्या बागेची भिंत संपली की मोठ्या रस्त्याने सरळ, आजोबा बसलेत तिथे डावीकडे. ह्यांच्या ऑफिसातला कुणी मला एकदा म्हणाला, "वहिनी, तुम्ही आजोबांच्या मागे राहता ना?" मी म्हटलं, "हो, आम्ही सगळे त्यांच्याच मागे राहतो."

पण हे सगळं पुढचं; त्या पहिल्या दिवाळीच्या आधी मी फराळ करायला बसले होते. तिकिटाचा विषय मी महिनाभर तोंडातून काढला नव्हता. चकलीचा सोऱ्या फिरवत होते, बाबा येऊन बसले, पिशवीतून तिकीट काढून माझ्यासमोर पिठाच्या परातीशेजारी ठेवलं. माझा हात थांबला. म्हणाले, "हे पुढे ढकलता येतं का गं? चाचाने जानेवारीत मोहोराचा फोन येईल म्हणून सांगितलंय, ते ऐकून जावं म्हणतो." मी म्हटलं, "येतं की ढकलता." चकल्या पुढे मला दिसेचनात, नुसत्या रेघा पाडल्या मी.

ते तिकीट पुढेच जात राहिलं. ह्यांनी व्हिसाची खटपट केली आणि बाबा राहिले. दर उन्हाळ्यात मात्र गावी जायचे. घर उघडायचे, झाडायचे, आणि सकाळ-संध्याकाळ गावच्या वाचनालयात. किल्ली आता तिथल्या एका तरुण मास्तरांकडे होती, पण बाबा गेले की ते मुकाट्याने बाबांच्या हातात द्यायचे. सप्टेंबरात परत यायचे ते एक किलोचा स्वतःचा नियम मोडून दहा किलो घेऊन.

एका वर्षी परत आले नाहीत. वाचनालय उघडून आले, जेवले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. तेव्हा आम्हीही गावीच होतो, म्हणून मी होते जवळ. एवढं तरी दिलं देवाने. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सोनं झालं. लोक असंच म्हणतात. मला काही सोनंबिनं वाटलं नाही, मला माझे बाबा हवे होते. पण तेरा दिवस मी ताठ उभी होते. लोक येत होते, चहा करायचा होता.

परत दोह्याला आले तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळताना मी डोळे मिटून घेतले. ह्यांनी ते पाहिलं. भेटायला सगळे येऊन गेले, ओल्ड एअरपोर्टचे, मदिनत खलीफाचे. चाचा आले, बसले, एक पिशवी ठेवून गेले. त्यात त्यांनी शिवलेला नवा पांढरा लेंगा होता, बाबांच्या मापाचा. सुट्टीला जाण्याआधी टाकलेला. मी कपाटांना चादर घातली. वाचनालय बंद, असं कुणाला सांगितलं नाही, पण कुणी विचारलंही नाही.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी, तिशीही नसेल, कडेवर बाळ, घामाघूम. नाशिकची, नुकतीच आलेली. "ताई, पुस्तकं मिळतात ना इथे? मदिनत खलीफाच्या काकूंनी पाठवलं."

"घर सापडलं कसं?" मी विचारलं.

"अहो, तेच ना. काकू म्हणाल्या, मोठ्या रस्त्याने सरळ या, कोपऱ्यावर आजोबा बसलेले असतात, तिथे डावीकडे. मी तीनदा पुढे गेले आणि परत आले. आजोबा कुठेच नाहीत! नुसती रिकामी खुर्ची होती एका दुकानापुढे. म्हटलं, आत गेले असतील, येतील. म्हणून तिथेच वळले."

मला असा संताप आला! तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन काकूंना फोन लावला. "अगं, तू येऊन भेटून गेलीस ना मला? माझ्या गळ्यात पडून रडलीस ना? आणि तिला सांगतेस आजोबा बसलेत म्हणून?"

पलीकडे ती गडबडली. मग म्हणाली, "अय्या... अगं हो गं." आणि मग रडवेल्या आवाजात, "पण दुसरं काय सांगू मी? तिथे वळायला दुसरं आहे काय?"

मी फोन ठेवला. बाहेर आले तर हे कपाटांवरची चादर काढत होते. माझ्याकडे पाहिलं नाही. चादरीची नीट घडी घालत राहिले. मुलगी बाळाला कडेवर सांभाळत एकेक पुस्तक काढून बघत होती, आणि ठेवताना बोटाने सरळ ओळीत ढकलत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एक पुस्तक तिने घेतलं. मी नियम सांगितला, परत आणलंस की मला सांगायचं त्यात काय आहे ते. ती हसली, "हो ताई." दाराशी चपला घालताना थांबली. "ताई, जाताना कसं जाऊ? परत चुकेन मी."

"सोपं आहे," मी म्हटलं. "इथून सरळ जा, आजोबांपाशी उजवीकडे."

ती गेली. मी दार लावलं आणि तिथेच, दाराला टेकून, गावाहून आल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.